क्यूटी वेबइंजिनचे डाउनलोड इंटरफेस पायथनमधून वापरताना: पायसाइड६ आणि पायक्यूटी६ यांचे परीक्षण

पणजीतील एका वकिली कार्यालयासाठी आणि डिचोली तालुक्यातील एका गावच्या वाचनालयासाठी मी गेल्या पावसाळ्यापासून एक छोटा डेस्कटॉप प्रोग्राम सांभाळते आहे. प्रोग्रामचे काम ऐकायला साधे आहे. त्याच्या खिडकीत ब्राउझर उघडतो, कर्मचारी नेहमीप्रमाणे संकेतस्थळावर जाऊन फाईल डाउनलोड करतात, आणि ती फाईल ठरलेल्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावाने जाऊन बसते व तिची नोंद वहीत होते. वकिली कार्यालयाला गोवा शासनाचे राजपत्र लागते. ते दर गुरुवारी निघते, त्याच्या तीन मालिका असतात, मधूनच असाधारण अंक येतात, आणि अंकावर इंग्रजी तारखेबरोबर शके व भारतीय महिनाही छापलेला असतो. वाचनालयाला जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या फायली लागतात, आणि त्यांतल्या काही अवाढव्य असतात. हे सगळे करण्यासाठी मी क्यूटी वेबइंजिन निवडले (क्यूटी हे खिडक्या-बटणांचे प्रोग्राम लिहिण्याचे सी++ ग्रंथालय, आणि वेबइंजिन हा त्यातला ब्राउझरचा भाग), कारण त्याच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोम ब्राउझरचा खुला पाया आहे, ते विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालते, आणि पायथनमधून ते वापरण्यासाठी एक नव्हे तर दोन परिपक्व बाइंडिंग उपलब्ध आहेत: पायसाइड६ आणि पायक्यूटी६. तोच प्रोग्राम दोन्हींवर लिहून काही महिने चालवल्यानंतर हे परीक्षण लिहिते आहे, आणि ते मुद्दाम एकाच भागापुरते ठेवते आहे: ब्राउझरचा डाउनलोडचा इंटरफेस पायथनमध्ये कसा उतरला आहे.

बाइंडिंग म्हणजे एका भाषेत लिहिलेल्या ग्रंथालयाला दुसऱ्या भाषेतून हाक मारता यावी म्हणून मध्ये बांधलेला पूल. मूळ वर्ग सी++ मध्ये असतो. पायथनमध्ये आपल्या हाती येते ते त्याचे आवरण. क्यूटीमध्ये डाउनलोडसाठीचा वर्ग ५.५ या आवृत्तीत, म्हणजे २०१५ मध्ये, ‘क्यूवेबइंजिनडाउनलोडआयटम’ या नावाने आला. वेबइंजिन २०२१ च्या सप्टेंबरमध्ये क्यूटी ६.२ बरोबर सहाव्या पिढीत दाखल झाले तेव्हा त्याचे नाव ‘क्यूवेबइंजिनडाउनलोडरिक्वेस्ट’ असे झाले. नावाबरोबर आतली मांडणीही बदलली. पाचव्या पिढीत ‘डाउनलोडप्रोग्रेस’ आणि ‘फिनिश्ड’ हे सिग्नल, म्हणजे काही घडले की क्यूटी आपल्या फंक्शनला देते त्या वर्दी, होते. सहाव्या पिढीत ते जाऊन ‘रिसीव्हडबाइट्सचेंज्ड’, ‘टोटलबाइट्सचेंज्ड’, ‘इजफिनिश्डचेंज्ड’ असे प्रत्येक गुणधर्माचे वेगळे सिग्नल आले. इंटरनेटवर सापडणारी बरीच उदाहरणे अजून जुन्या नावांची आहेत, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याने उदाहरण कोणत्या पिढीचे आहे हे आधी पाहावे.

दोन्ही बाइंडिंगांचा इतिहास त्यांच्या स्वभावात दिसतो. पायक्यूटी जुने, १९९८ पासूनचे, इंग्लंडमधील रिव्हरबँक कम्प्युटिंगचे. ते सिप नावाच्या साधनावर बांधलेले आहे, आणि प्रत्येक वर्गाचे वर्णन खास फायलींमध्ये माणसाने हाताने सांभाळलेले असते. पायसाइडचा जन्म २००९ मध्ये नोकियाच्या आश्रयाने झाला, कारण क्यूटी तेव्हा नोकियाकडे होते आणि त्यांना अधिक मोकळ्या परवान्याचे बाइंडिंग हवे होते. आज ते क्यूटी कंपनीचेच अधिकृत ‘क्यूटी फॉर पायथन’ आहे. त्याचे साधन शिबोकेन हे सी++ च्या हेडर फायली स्वतः वाचते आणि सोबतच्या एक्सएमएल वर्णनावरून आवरण तयार करते. दोन्हींमध्ये डाउनलोडच्या वर्गातील सगळ्या पद्धती मिळतात. काही राहून गेले आहे असे मला एकदाही आढळले नाही. म्हणून ‘कोणात काय काय आहे’ अशी तुलना इथे निरर्थक आहे. खरा फरक, आणि खरा त्रासही, सी++ मध्ये गृहीत धरलेल्या गोष्टी पायथनमध्ये कशा पोहोचतात यात आहे. त्या गोष्टी तीन: वस्तूचे आयुष्य, चूक झाल्याची वार्ता, आणि ‘पूर्ण झाले’ या शब्दाचा अर्थ.

वस्तूच्या आयुष्यापासून सुरुवात करते. ब्राउझरमध्ये डाउनलोड सुरू होण्याची वेळ आली की प्रोफाइलकडून (कुकी, डाउनलोडे वगैरे सांभाळणारी वेबइंजिनची वस्तू) ‘डाउनलोडरिक्वेस्टेड’ हा सिग्नल येतो आणि त्याबरोबर विनंतीची वस्तू आपल्या हाती येते. आपण तिथल्या तिथे ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हटले तर डाउनलोड पुढे जाते. म्हटले नाही तर ते रद्द होते आणि ती वस्तू सिग्नल संपताक्षणी नष्ट केली जाते. हा सिग्नल रांगेत टाकून नंतर हाताळण्याची परवानगीही नाही. सी++ लिहिणाऱ्याला हा नियम अंगवळणी पडलेला असतो, पण पायथनची शिकवण उलटी आहे: वस्तूला आपण नाव दिले, यादीत ठेवले, की ती जिवंत राहते. मी पहिल्या आवृत्तीत नेमके हेच केले होते. आलेल्या विनंत्या ‘प्रलंबित’ नावाच्या यादीत ठेवायच्या, कर्मचाऱ्याने फोल्डर निवडले की मग स्वीकारायच्या, अशी माझी रचना होती. यादी शाबूत राहिली, आवरणे शाबूत राहिली, पण त्यांच्या आत काहीच उरले नव्हते. पायसाइड६ ने आतली सी++ वस्तू आधीच नष्ट झाली असल्याचा रनटाइम एरर दिला आणि पायक्यूटी६ नेही त्याच आशयाचा, थोड्या वेगळ्या शब्दांत. दोघांनाही मी इथे पूर्ण गुण देते. असे नसते आणि आवरण मेलेल्या पत्त्यावर हात घालत राहिले असते, तर प्रोग्राम कधी चालला असता, कधी कोसळला असता, आणि मला कारण शोधायला आठवडे लागले असते.

त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र गैरसोयीचा आहे. फाईल कुठे ठेवायची हे कर्मचाऱ्याला विचारायचे असेल तर सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनमध्येच संवादखिडकी उघडावी लागते, आणि ती बंद होईपर्यंत तिथेच थांबावे लागते. क्यूटीचे स्वतःचे साध्या ब्राउझरचे उदाहरणही असेच करते. संवादखिडकी उघडी असताना बाकीची खिडकी जिवंतच असते. त्या वेळात कोणी टॅब बंद केला तर काय होईल याचा विचार आपल्यालाच करावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या वेबव्ह्यू२ या प्रोग्राममध्ये बसवायच्या ब्राउझरमध्ये या ठिकाणी ‘गेटडिफरल’ ही सोय आहे: निर्णय नंतर कळवतो असे सांगून फंक्शन परत जाऊ शकते. लिनक्सवरच्या तशाच वेबकिटजीटीकेमध्येही २.४० पासून ठिकाण नंतर ठरवण्याची मुभा आहे. क्यूटीच्या मूळ इंटरफेसमध्ये ती नाही, आणि पूल कितीही भक्कम असला तरी पलीकडे नसलेली वाट तो देऊ शकत नाही. वेबव्ह्यू२ मी घेतले नाही, कारण वाचनालयाचा संगणक लिनक्सवर आहे. मी यावर असा उपाय काढला की ठिकाण विचारायचेच नाही. संकेतस्थळाच्या पत्त्यावरून फोल्डर आधीच ठरलेले असते, फंक्शन ते लगेच लावते आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणते, आणि चुकीचे वाटल्यास कर्मचारी फाईल नंतर हलवतो. कामाच्या दृष्टीने हेच अधिक सोपे ठरले.

आयुष्याचाच दुसरा भाग प्रोग्राम बंद करताना दिसतो. स्वीकारलेली डाउनलोडे प्रोफाइलच्या मालकीची असतात, आणि प्रोफाइल हे पानांनंतरच जायला हवे. पायथनमध्ये प्रोग्राम संपताना कोणती वस्तू आधी साफ होईल याची हमी धरता येत नाही. क्रम चुकला की वेबइंजिन टर्मिनलवर एक प्रसिद्ध ओळ छापते, जिचा आशय ‘पान अजून नष्ट झालेले नाही आणि प्रोफाइल सोडले जात आहे, त्रासाची अपेक्षा ठेवा’ असा आहे. दोन्ही बाइंडिंगांत मला ती दिसली. खिडकी बंद होताना पान स्वतःच्या हाताने आधी मिटवणे एवढाच त्यावर इलाज आहे. शिवाय आठवडाभर प्रोग्राम उघडाच ठेवणाऱ्या कार्यालयात संपलेल्या डाउनलोडांच्या वस्तू प्रोफाइलपाशी साचत राहतात. नोंद झाल्यावर त्यांना ‘डिलीटलेटर’ म्हणून निरोप द्यावा.

आता चूक झाल्याच्या वार्तेबद्दल, कारण निवड करताना सर्वांत जास्त विचार मला याच मुद्द्यावर करावा लागला. समजा, डाउनलोडची विनंती आली आणि माझ्या फंक्शनमध्ये ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणण्याच्या आधीच्या ओळीत चूक झाली. फोल्डरचे नाव शोधताना पायथनच्या शब्दकोशात (डिक्शनरीत) ते सापडले नाही, इतकी साधी चूक. पायक्यूटी६ मध्ये अशी न पकडलेली चूक झाली की प्रोग्राम तिथेच बंद पडतो. हे वागणे पायक्यूटी ५.५ पासून मुद्दाम ठेवलेले आहे. पायसाइड६ मध्ये चुकीचा सगळा तपशील टर्मिनलवर छापला जातो आणि प्रोग्राम पुढे चालू राहतो. वरकरणी पायसाइड दयाळू वाटते. पण डाउनलोडच्या बाबतीत त्याचा परिणाम बघा: ‘अ‍ॅक्सेप्ट’ झाले नाही, म्हणून विनंती रद्द झाली, वस्तू नष्ट झाली, आणि टर्मिनल नसलेल्या कार्यालयीन संगणकावर हे कोणालाच कळले नाही. कर्मचाऱ्याने दुवा दाबला आणि काहीच घडले नाही. तो पुन्हा दाबतो, पुन्हा काही घडत नाही, आणि शेवटी संकेतस्थळच बंद असेल असे समजून उठून जातो. दस्तऐवज सांभाळणाऱ्या कामात गप्प राहणारी चूक ही सर्वांत वाईट चूक असते, आणि म्हणून विकासाच्या काळात मला पायक्यूटी६ चे खडखडीत वागणे अधिक प्रामाणिक वाटले.

सुदैवाने दोन्हींवर एकच उपाय लागू पडतो. पायथनच्या ‘सिस’ मॉड्यूलमधील ‘एक्सेप्टहुक’, म्हणजे न पकडलेली चूक जिच्याकडे जाते ते फंक्शन, आपण स्वतः लावला, तर पायसाइड६ चूक त्याच्याकडे पाठवते, आणि पायक्यूटी६ ही प्रोग्राम न पाडता त्यालाच बोलावते. माझ्या प्रोग्राममध्ये तो हुक चूक फायलीत लिहितो आणि कर्मचाऱ्याला मराठीत सांगतो की आत्ताची फाईल उतरलेली नाही. हे दहा-बारा ओळींचे काम आहे, आणि पायसाइड६ वापरणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशीच करावे असे माझे आग्रहाचे मत आहे.

तिसरी गोष्ट मला कार्यालयातील ज्येष्ठ कारकुनांमुळे कळली. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. एका शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. “बाय, कालच्या अंकासमोर हिरवी खूण दिसते, पण फोल्डरात अंक नाही. माझं काही चुकलं का?” त्यांचे काहीच चुकलेले नव्हते. आदल्या दिवशी इंटरनेट फार हळू चालले होते म्हणून त्यांनी ते डाउनलोड स्वतःच रद्द केले होते, आणि दुसऱ्या दिवशी खूण पाहून ते नंतर कधीतरी पूर्ण झाले असावे असा त्यांचा समज झाला. चूक माझी होती. मी ‘इजफिनिश्ड’ खरे झाले की हिरवी खूण करत होते. त्या शब्दाचा इंग्रजीतला साधा अर्थ मी ‘पूर्ण झाले’ असा घेतला होता. इंटरफेसमध्ये त्याचा अर्थ ‘आता यात काही घडणार नाही’ इतकाच आहे: डाउनलोड यशस्वी झाले असो, रद्द झाले असो, किंवा पुन्हा जोडता न येण्याजोगे तुटले असो, तिन्ही वेळा तो खराच होतो. याची उलट बाजूही तितकीच धोक्याची आहे. पुन्हा जोडता येण्याजोगे डाउनलोड तुटले, तर ‘इजफिनिश्ड’ खोटेच राहते, म्हणजे पावसात वीज जाऊन राउटर बंद पडला आणि फाईल अर्ध्यावर थांबली तर माझा प्रोग्राम ती कायम ‘चालू आहे’ असेच दाखवत बसला असता.

खरी माहिती ‘स्टेट’ मध्ये आहे. तिच्या पाच अवस्था आहेत: मागितले, चालू, पूर्ण, रद्द आणि खंडित. हिरवी खूण फक्त ‘पूर्ण’ या अवस्थेला द्यायची, आणि खंडित झाल्यावर ‘इंटरप्टरीझन’ विचारायचे. हा कारणांचा संच या इंटरफेसमधील सर्वांत मोलाचा भाग आहे असे मी म्हणेन. डिस्कवर जागा नसणे, फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसणे, नाव फार लांब असणे, विषाणू सापडणे, जाळे तुटणे, सर्व्हरकडून वेळेत उत्तर न येणे, सर्व्हरने नकार देणे, प्रमाणपत्रात गडबड असणे, यांतल्या प्रत्येकाला वेगळे नाव आहे. ‘इंटरप्टरीझनस्ट्रिंग’ हे कारण वाक्यात सांगते, पण ते वाक्य इंग्रजीत असते. भाऊंसारख्या माणसाला त्याचा उपयोग नाही. म्हणून मी प्रत्येक कारणासमोर मराठी वाक्य आणि पुढे काय करावे ते लिहिलेला तक्ता केला: ‘डिस्कवर जागा उरलेली नाही, जुने अंक पेनड्राइव्हवर हलवा’, ‘इंटरनेट तुटले, परत आल्यावर पुढे चालू करा हे बटण दाबा’, ‘सर्व्हरने ही फाईल देण्यास नकार दिला, पुन्हा लॉगिन करून पाहा’. असा तक्ता लिहिताना बाइंडिंगची गुणवत्ता कळते. पायक्यूटी६ मध्ये ही कारणे पहिल्यापासून पायथनचे खरे इनम (ठरावीक नावांचा संच) आहेत आणि पूर्ण नावानेच लिहावी लागतात. पायसाइड६ मध्ये ती ६.४ पासून खरे इनम झाली. दोन्हीकडे ती शब्दकोशाची किल्ली म्हणून बिनधास्त वापरता येतात, आणि छापल्यावर आकड्याऐवजी नाव दिसते. लॉग वाचताना ही छोटी गोष्ट फार उपकारक ठरते.

आकड्यांबाबत एक इशारा द्यायला हवा. पायथनच्या पूर्णांकाला मर्यादा नसते आणि ‘रिसीव्हडबाइट्स’ वाचताना ती जाणवतही नाही. पण प्रगती दाखवण्यासाठी मी स्वतःचा एक सिग्नल केला आणि त्याचा प्रकार ‘इंट’ असा लिहिला. तो इंट पायथनचा नव्हे, सी++ चा असतो, ३२ बिटांचा, आणि त्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. राजपत्राच्या पीडीएफला हे कधी लागले नसते. वाचनालयात मासिकाच्या जुन्या अंकांची जवळजवळ तीन जीबीची झिप फाईल उतरवताना मात्र दोन जीबी ओलांडल्यावर प्रगतीची पट्टी बिघडली. फाईल व्यवस्थित उतरली. बिघडले ते फक्त माझे दाखवणे. सिग्नलचा प्रकार ‘ऑब्जेक्ट’ ठेवला की दोन्ही बाइंडिंगांत प्रश्न सुटतो. तसेच सर्व्हरने आकार सांगितला नसेल तर ‘टोटलबाइट्स’ उणे १ देते, त्याने भागाकार करण्यापूर्वी तपासावे.

मराठी फाईलनावांचा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि परदेशी परीक्षणांत तो कुठेही सापडणार नाही. दोन्ही बाइंडिंगे क्यूटीची स्ट्रिंग आपोआप पायथनच्या स्ट्रिंगमध्ये बदलतात, त्यामुळे सर्व्हरने सुचवलेले देवनागरी नाव अक्षर न अक्षर शुद्ध मिळते. अडचण पुढे येते. लिनक्सवर एका फाईलनावाची मर्यादा २५५ बाइट असते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. अक्षर नव्हे, चिन्ह: मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘गोमंतक’ हा चार अक्षरांचा शब्द सहा चिन्हांचा, म्हणजे १८ बाइटांचा होतो. त्या हिशेबाने संपूर्ण नाव ८५ चिन्हांत बसवावे लागते, आणि विशेषांकाचे नाव, वर्ष, महिना, संपादन विभाग असे सगळे नावात घालण्याची वाचनालयाची पद्धत असेल तर ती मर्यादा पटकन ओलांडली जाते. विंडोजवर ही मोजणी वेगळी असल्याने पणजीत चाललेले नाव गावात अडते. ‘सेटडाउनलोडफाइलनेम’ कडे नाव देण्याआधी मी बाइट मोजून ते कापते, विस्तारासाठी जागा राखते, आणि कापल्यावर शेवटी सुटा हलन्त उरला असेल तर तोही काढते, कारण तसे तुटके जोडाक्षर यादीत वाचायला अत्यंत खटकते. त्या नावाची फाईल आधीपासून आहे का हेही मीच तपासते. नाव आपण दिले की त्याची जबाबदारी आपली, असेच धरून चालावे. आणि हे सगळे ‘अ‍ॅक्सेप्ट’ च्या आधी व्हायला हवे. स्वीकारल्यानंतर नाव किंवा फोल्डर बदलण्याचा काही परिणाम होत नाही, आणि तसे झाले नाही याचा इशारा फक्त टर्मिनलवर छापला जातो.

राजपत्रासारख्या पीडीएफबद्दल एवढेच: ‘प्लगिन्सएनेबल्ड’ ही सेटिंग मुळात बंद असते, त्यामुळे पीडीएफचा दुवा दाबल्यावर थेट डाउनलोडचा सिग्नल येतो, आणि आमच्या कामाला तेच हवे आहे. कोणी ती सुरू केली तर पीडीएफ खिडकीतच उघडते. लॉगिन टिकवायचे असेल तर प्रोफाइलला साठवणीचे नाव द्यावे; बिननावाचे प्रोफाइल काहीच मागे ठेवत नाही.

दस्तऐवजीकरणात पायसाइड६ पुढे आहे, पण जितके असायला हवे तितके नाही. त्याची पाने सी++ च्या मूळ पानांवरून यंत्राने तयार होतात, आणि मधूनच एखादा नमुना सी++ मध्येच राहून जातो. तरीही प्रत्येक पद्धतीचे वर्णन तिथे वाचायला मिळते. ‘इजफिनिश्ड’ चा खरा अर्थही तिथेच लिहिलेला होता, मी तो वेळेवर वाचला नव्हता. पायक्यूटी६ बहुतेक वेळा तुम्हाला क्यूटीच्या मूळ पानांकडे पाठवते. पायसाइड६ मध्ये एक खास आयात ओळ लिहून सगळ्या पद्धतींची नावे पायथनच्या प्रथेप्रमाणे लहान अक्षरांत, अधोरेषांसह वापरता येतात. मी तो प्रयोग करून पाहिला आणि सोडून दिला. वाचायला ती नावे सुरेख दिसतात, पण शोधायला गेले की कुठल्याही उदाहरणात सापडत नाहीत, आणि माझ्यानंतर हा प्रोग्राम हाती घेणाऱ्याला मी दोन शब्दसंग्रह का शिकायला लावावेत?

शेवटी मी दोन्ही ठिकाणी पायसाइड६ ठेवले. त्याचे कारण तांत्रिक कमी आणि परवान्याचे अधिक आहे. पायक्यूटी६ हे जीपीएल तिसऱ्या आवृत्तीखाली (म्हणजे प्रोग्राम दुसऱ्याला देताना त्याचा कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो) किंवा विकतच्या परवान्याखाली मिळते. पायसाइड६ ला एलजीपीएल या सैल परवान्याचा पर्याय आहे, ज्यात आपला स्वतःचा कोड खुला करावा लागत नाही. वाचनालयाला मी माझा सगळा कोड मोकळेपणाने दिला आहे, तिथे पायक्यूटी६ ही चालले असते. वकिली कार्यालयात मात्र त्यांच्या अशिलांच्या नोंदींशी जोडलेला भाग आहे आणि तो कुणाला द्यायचा हे त्यांनाच ठरवू द्यावे असे मला वाटले. ज्यांना परवान्याची अडचण नाही आणि जे पहिल्यांदाच डाउनलोड हाताळत आहेत, त्यांना मी पायक्यूटी६ सुचवेन. क्यूटब्राउझर हा अख्खा ब्राउझर आणि कॅलिबर हे पुस्तकांचे साधन त्याच्यावर उभे आहे, त्यामुळे डाउनलोडच्या अवघड प्रसंगांची उत्तरे त्यांच्या खुल्या कोडमध्ये वाचायला मिळतात. मी स्वतः पायसाइड६ वर काम करताना क्यूटब्राउझरचा डाउनलोडचा भाग कितीदा उघडून पाहिला आहे.

एक उणीव मात्र दोघांनाही भरून काढता आलेली नाही, कारण ती मूळ इंटरफेसमध्येच आहे. खंडित झालेले डाउनलोड ‘रिझ्यूम’ म्हणून पुढे नेता येते, पण प्रोग्राम चालू असेपर्यंतच. प्रोग्राम बंद झाला की विनंतीच्या वस्तू जातात, आणि नव्याने सुरू केल्यावर जुने अर्धवट डाउनलोड परत मिळवण्याची कोणतीही पद्धत नाही. कार्यालयात यूपीएस आहे, तिथे हे निभावते. वाचनालयात नाही. जुलैमध्ये वीज गेली आणि संगणकच बंद पडला तेव्हा ती तीन जीबीची फाईल तिसऱ्यांदा शून्यापासून सुरू करावी लागली, आणि त्या वेळी ग्रंथपालताईंच्या चेहऱ्यावरचा थकवा मला पाहवला नाही. म्हणून आता ५०० एमबीपेक्षा मोठी विनंती आली की प्रोग्राम ती स्वीकारत नाही. तो विनंतीतून पत्ता आणि सुचवलेले नाव तेवढे उचलून साध्या स्ट्रिंगमध्ये ठेवतो, कुकी प्रोफाइलच्या कुकीसाठ्यातून आधीच जमवलेल्या असतात त्या घेतो, आणि हे सगळे पायथनमध्ये वेगळ्या लिहिलेल्या डाउनलोडरकडे सोपवतो. तो प्रत्येक तुकडा कुठवर उतरला हे डिस्कवर लिहून ठेवतो आणि वीज आल्यावर सर्व्हरकडे तिथूनच पुढचे बाइट मागतो. सर्व्हर असे अर्ध्यातून द्यायला तयार नसेल तर हा मार्गही खुंटतो, आणि तेव्हा ती फाईल मी माझ्या घरच्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने गावी नेऊन देते.